अग्नीला घरात किती जागा द्यावी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या इमारतींत राहायला जाण्याआधी वास्तुशांत अजूनही होते. तिच्या आदल्या आठवड्यात घरातले कोणीतरी स्टेशनजवळच्या पूजा भांडारात हवनकुंड पाहायला जाते. तिथे तांब्याचे, तळाशी निमुळते होत गेलेले छोटे पात्र मिळते, पत्र्याचे चौकोनी कुंड मिळते, चार पायांवर उभे राहणारे आणि आत जाळी बसवलेले लोखंडी कुंडही मिळते. निवड बहुधा किमतीवर होते, नाहीतर फोटोत काय शोभून दिसेल यावर. विधीबद्दल गुरुजींना दहा प्रश्न विचारणारी माणसेही कुंडाचा प्रश्न सामानाच्या यादीतला म्हणून सोडून देतात. माझे म्हणणे असे की हा प्रश्न धर्माच्या गाभ्यातला आहे. अग्नी सगळीकडे सारखाच जाळतो. त्याला पूज्यता येते ती त्याच्याभोवती आखलेल्या मर्यादेने आणि ती मर्यादा राखणाऱ्या माणसाने. कुंड ही त्या मर्यादेची घडीव आकृती आहे. तेव्हा घरासाठी योग्य कुंड तेच, ज्यातला अग्नी घरातले एक माणूस पेटवल्यापासून राख थंड होईपर्यंत पुरतेपणी सांभाळू शकेल. मंत्र कोणते आणि आहुती किती, हे प्रश्न त्यानंतरचे.

याला आधार खुद्द यज्ञपरंपरेत आहे. श्रौत, म्हणजे मोठ्या वैदिक यज्ञांचे, अग्नी ठेवणाऱ्या आहिताग्नीच्या घरी तीन अग्नी असत. गार्हपत्याची जागा वर्तुळाकार, आहवनीयाची चौरस, दक्षिणाग्नीची अर्धवर्तुळाकार, आणि आकार निराळे असले तरी तिन्हींचे क्षेत्रफळ सारखे धरलेले. वेदींची मापे सांगणाऱ्या शुल्बसूत्रांतल्या भूमितीचे नाते अग्नीला जागा मोजून देण्याच्या या आग्रहाशी आहे. आहवनीयाच्या पश्चिमेला, दक्षिणेला आणि उत्तरेला परिधी नावाची तीन ओली काष्ठे ठेवतात. पूर्वेला परिधी नसतो. त्या बाजूची राखण सूर्य करतो, असे ब्राह्मणग्रंथ सांगतात. गृह्यकर्मांत, म्हणजे घरगुती विधींत, तर खोदलेले कुंडही अनिवार्य नाही. जमीन सारवायची, वाळू किंवा माती पसरून स्थंडिल करायचे, त्यावर रेषा ओढायच्या, पाणी शिंपडायचे आणि मग विस्तव आणून ठेवायचा. विस्तव आला की त्याच्या भोवतीची जागा पुसायची, पुन्हा भोवताली पाणी फिरवायचे. या आखण्या-शिंपडण्यात बराच वेळ जातो. घाईत असलेला यजमान हा भाग वगळायला सांगतो, कारण तो त्याला निव्वळ पूर्वतयारी वाटतो. माझ्या मते विधीचा सगळ्यात अर्थपूर्ण भाग तोच आहे. देवतेला बोलावण्याआधी तिला किती जागा आहे हे ठरवायचे, ती जागा ओली करायची, आणि तिच्या पलीकडे तिने येऊ नये याची व्यवस्था करायची. दुसऱ्या कोणत्या देवतेच्या पूजेत असे करावे लागत नाही.

पहिला आक्षेप शास्त्राभिमान्यांचा असेल: कुंडाचा आकार आणि माप शास्त्राने ठरवून दिले आहे, त्यात गृहस्थाने निवड करण्याचा प्रश्नच कुठे येतो? पण मापे पाहिली तर परंपरेत एकच एक माप नाही. स्वामी दयानंद सरस्वतींनी १८७५ साली मुंबईत आर्य समाजाची स्थापना केली आणि घरोघरी होम व्हावा असा आग्रह धरला. 'सत्यार्थप्रकाशा'त त्यांनी घरच्या होमासाठी माप दिले ते असे: वरून १२ किंवा १६ अंगुळे चौरस, तेवढेच खोल, आणि तळ ३ किंवा ४ अंगुळांचा, म्हणजे वरच्या रुंदीच्या चौथा हिस्सा. अंगुळ साधारण पाऊण इंचाचे धरले तर हे कुंड ९ ते १२ इंचांचे होते. धातूचे असो की मातीचे, त्यांना दोन्ही चालत होते. सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोटजवळच्या शिवपुरीतून प्रसार झालेल्या अग्निहोत्राचे तांब्याचे पात्र याहून पुष्कळ लहान आहे: वरून १४.५ सेंटिमीटर, तळाशी ५.२५ आणि उंची ६.५. सूर्योदय आणि सूर्यास्ताला गोवरीच्या तुकड्यांवर तूप लावलेल्या अक्षतांच्या दोन चिमटी, एवढीच त्यातली आहुती. एकीकडे बाणाच्या लांबीएवढे स्थंडिल, दुसरीकडे ओंजळीत मावणारे पात्र. इतके अंतर परंपरेने पोटात घेतले, तेव्हा पवित्रता इंचांत नव्हती हे उघड आहे. कायम राहिले ते एवढेच की जागा आधी ठरवलेली असली पाहिजे आणि अग्नी तिच्या आत राहिला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तुम्ही सुरक्षिततेच्या नियमांना धर्माचे नाव देत आहात, असे कोणी म्हणेल. अग्निशमन दलाने सांगायची गोष्ट गुरुजींच्या तोंडी कशाला? याचे उत्तर पंचसूनांच्या कल्पनेत आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थाने सांगितली आहेत: चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाच जागी नकळत जीव मरतात, त्या दोषाच्या निवृत्तीसाठी रोजचे पाच महायज्ञ. यादीत पहिली चूल आहे. ज्या विस्तवावर घराचे अन्न शिजते, वैश्वदेवाची आहुती पडते, तोच विस्तव घरातल्या हिंसेचे पहिले स्थान म्हणून नोंदवलेला आहे. घरातला अग्नी उपकारही करतो आणि अपायही, म्हणून तो वापरणाऱ्यावर एक देणे बसते, ही इथली नैतिक जाणीव आहे. तिच्यात सावधगिरी आणि भक्ती यांना दोन वेगळे कप्पे नाहीत. आपण ते पाडले आणि सावधगिरीचा कप्पा सोसायटीच्या सेक्रेटरीकडे सोपवला. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. ते कागद फाइलला लागतात आणि त्याच इमारतीत पडद्याच्या शेजारी होम पेटतो. त्या कागदामागची काळजी परिधीच्या काष्ठामागेही होती.

तिसरा आक्षेप थेट मुळावर येतो, आणि तो याच उपनगरांच्या डोंगरात कोरलेला आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी आणि अंधेरीची महाकाली ही बौद्ध लेणी. तिथे राहणाऱ्या भिक्षूंच्या परंपरेने अग्निपूजा बाजूला ठेवली होती. गयेजवळ, पूर्वी अग्निपूजक जटाधारी असलेल्या शिष्यांना बुद्धाने जे प्रवचन दिले त्याचा विषयच हा होता की सगळे काही राग, द्वेष आणि मोह यांच्या आगीने पेटलेले आहे. ती आग विझवा. पुढे वारकरी संतांनीही यज्ञाचा खटाटोप नामापुढे गौण ठरवला, आणि ज्ञानेश्वरांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या विवरणात स्वधर्माचरणालाच नित्ययज्ञ म्हटले. वैदिक अग्नी सर्वांना खुला नव्हता. मोठ्या समाजाला त्याच्यापासून दूर ठेवले गेले, हे सत्यही या आक्षेपाच्या पाठीशी उभे आहे. मला हा आक्षेप खोडायचा नाही. ज्या घरात होम होत नाही त्या घरात काही उणे आहे, असे म्हणायला कोणताही आधार मला दिसत नाही. पण बुद्धाच्या त्या दृष्टान्तातूनही माझा मुद्दा पुढे सरकतो. आग ही सांभाळायची किंवा विझवायची गोष्ट आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही, हे होम करणारा आणि न करणारा दोघेही मानतात. ज्याने न पेटवण्याची निवड केली तो मोकळा आहे. ज्याने पेटवण्याची केली त्याच्यावर सगळा भार आला.

त्याच कान्हेरीत, ९० क्रमांकाच्या लेण्यात, पहलवी लिपीतले लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये तिथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे कोरून ठेवली. अग्नीला सर्वांत जपणारा समाज अग्निपूजा सोडलेल्यांची लेणी पाहायला आला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पारशांचा इराणशाह हा अग्नी संजाणहून निघाला. परंपरा सांगते की आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बाहरोटच्या डोंगरात तो १२ वर्षे राहिला, मग वांसदा, नवसारी असे मुक्काम करत १७४२ साली उदवाड्याला आला. गुहेत असताना त्याला ना संगमरवरी गाभारा होता ना घुमट. तरी त्याचे पावित्र्य उणावले असे कोणी मानले नाही, कारण त्याच्याजवळ कोणीतरी सतत होते. पारशी अग्निपात्राला, आफरगान्याला, एक फार शहाणी सवय आहे: पात्र राखेने भरतात आणि विस्तव त्या राखेच्या थरावर ठेवतात. त्यामुळे धातू फार तापत नाही आणि निखारा हळू, धुगधुगत जळतो. अग्नीजवळ जाताना मोबेद, म्हणजे पारशी पुरोहित, तोंडावर पदान नावाचे कापड बांधतो, श्वासाने अग्नी विटाळू नये म्हणून. मनुस्मृतीतही अग्नीला तोंडाने फुंकू नये असे आहे. दोन्ही परंपरांनी अग्नीपासून चेहरा मागे ठेवायला सांगितला; आदराचे अंतर आणि भाजू नये म्हणून ठेवायचे अंतर दोन्हीकडे एकच निघाले.

आता कुंडाकडे. कुंडात जाळी हवी का, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण ज्वाला आणि धूर यांतला फरक बऱ्याच अंशी तिच्यावर ठरतो. जाळीवर रचलेल्या समिधांना खालून वारा मिळतो, राख खाली पडते आणि ज्वाला स्वच्छ राहते. सपाट तळाच्या पत्र्याच्या कुंडात समिधा स्वतःच्याच राखेत गाडल्या जातात, मग तूप ओतून ओतून ज्वाला उठवावी लागते आणि खोली धुराने भरते. शेगडी वापरलेल्या पिढीला हे सांगावे लागत नसे. शेगडीची जाळी तुंबली की कोळसा घुसमटतो, हे तिच्या हाताला ठाऊक होते. तळ निमुळता असलेल्या पात्रात जाळी नसली तरी चालते, पण मग गोवरीचे तुकडे मध्ये पोकळी राहील असे उभे रचले पाहिजेत आणि आहुती बेताची हवी. धातूंपैकी तांबे टिकते, घासून स्वच्छ होते, पण उष्णता झरकन खाली पोचवते. त्याच्याखाली विटा आणि वाळूचा जाड थर नसेल तर टाइल तडकते. जाड लोखंड जड असते पण डगमगत नाही, आणि होमाच्या वेळी ढवळाढवळ चालते तेव्हा हा गुण मोठा ठरतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या किंवा रंग लावलेल्या पत्र्याचे कुंड मात्र घेऊच नये; तापल्यावर त्यातून निघणारी वाफ छातीला अपायकारक असते. आणि ज्यांना वास्तुशांतीपुरताच होम करायचा आहे त्यांनी काहीच विकत घेऊ नये. वाळूवर मांडलेल्या कोऱ्या विटा हे सर्वांत स्वस्त, सर्वांत सुरक्षित आणि स्थंडिलाच्या सर्वांत जवळचे कुंड आहे.

आकार ठरवताना कुंडापेक्षा खोली मोजावी. नव्या इमारतींत छताला पीओपी असते, त्यात स्प्रिंकलर बसवलेला असतो. त्याची लाल द्रव भरलेली काचेची नळी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते. खाली १६ अंगुळांचे कुंड भरून ज्वाला उठवली तर वरचा झोत किती तापेल, हे होमाला बसण्याआधी पाहायचे असते. खिडक्या उघड्या हव्यात, कारण बंद खोलीत अर्धवट जळणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. होमाने हवा शुद्ध होते, प्राणवायू वाढतो, असे अनेक श्रद्धाळू मनापासून मानतात. दयानंदांनीही होमाचे समर्थन हवा-पाण्याच्या शुद्धीवर केले. त्यांच्याविषयी आदर ठेवूनच म्हणावे लागते की जळण्याची क्रिया प्राणवायू खाते, आणि तुपाच्या धुरातही सूक्ष्म कण असतात. दम्याच्या रुग्णाला किंवा तान्ह्या बाळाला तो धूर बाधतो. होमाला प्रयोगशाळेचे प्रशस्तिपत्र मिळवून देण्याची धडपड होमाच्याच अर्थाला कमी करते. आहुती देताना हे माझे नाही, असे म्हणायचे असते. काही लाभ व्हावा म्हणून जे दिले जाते, ते देणे तिथेच उणावते.

इथून चौथा आक्षेप निघतो: मग एवढा खटाटोप कशाला, विजेवर पेटणारा दिवा ठेवा की. त्याला विझण्याचे भय नाही, धूर नाही, राख नाही. परंपरेत अग्नी सूक्ष्म करण्याची सोय आहे, हे मला मान्य आहे. प्रवासाला निघालेला अग्निहोत्री आपला अग्नी अरणींत, म्हणजे घासून अग्नी काढायच्या लाकडांत, किंवा स्वतःच्या ठायी समारोपित करतो आणि मुक्कामी पुन्हा मंथनाने प्रकट करतो. संन्यासी तो कायमचा आत घेतो. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात जेवणाचे पहिले घास पाच प्राणांना आहुती म्हणून दिले आहेत, आणि पानाभोवती पाणी फिरवून प्राणाहुती घेणाऱ्या मराठी घरांत तो होम आजही होतो. त्याला कुंड लागत नाही. पण या प्रत्येक रूपात माणसाला काहीतरी राखावे लागते: अरणी, भूक, स्वतःचे चित्त. बटणाने लागणाऱ्या दिव्यात राखण्यासारखे काही उरत नाही, म्हणून तो प्रकाश देतो, पण अग्नीची जागा घेत नाही. होम शक्य नसेल तर तेलाची एक वात लावावी. तिच्याकडे पाहावे लागते, काजळी काढावी लागते. लहान झालेला अग्नी अग्नीच असतो.

राखण्याच्या या कामाबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आश्वलायन गृह्यसूत्र सांगते की विवाहापासून गृह्य अग्नीची सेवा गृहस्थाने स्वतः करावी, किंवा पत्नीने, मुलाने, मुलीने, शिष्याने. इतक्या जणांची नावे एका दमात घेणारे हे सूत्र उदार आहे. पण तेच पुढे नोंदवते की अग्नी विझला तर काहींच्या मते पत्नीने उपवास करावा. आजच्या फ्लॅटमध्ये हा उपवास वेगळ्या रूपात चालू आहे. आहुती यजमानाच्या हातून पडतात, फोटो निघतात, गुरुजी दक्षिणा घेऊन पुढच्या घरी जातात, आणि तुपाने माखलेले तांबे घासणे, टाइलवरचा डाग काढणे, निखारे थंड झाले का ते पाहत बसणे घरातल्या बाईच्या वाट्याला येते. म्हणून कुंड कोणते घ्यायचे यात तिचा शब्द शेवटचा असावा; किंवा ज्याला मोठे कुंड हवे आहे त्याने राख थंड होईपर्यंत स्वतः बसावे आणि कुंड स्वतः घासावे. हा नियम पाळला तर पुष्कळ घरांतली कुंडे आपोआप लहान होतील.

उरतो शेजाऱ्यांचा प्रश्न. फ्लॅटमध्ये एकाची जमीन दुसऱ्याचे छत असते, त्यामुळे परिधीच्या आत आपली बैठकीची खोली आली तरी पुरत नाही; डक्टमधून चढणारा धूर वरच्या मजल्यावरच्या आजारी माणसापर्यंत जातो. पारशी समाजाने अग्नीचे दर्जे ठरवून ही अडचण फार पूर्वी सोडवली. १६ प्रकारच्या अग्नींतून सिद्ध होणारा आतश बेहराम आणि ४ प्रकारच्या अग्नींचा आतश आदरान यांच्यासाठी स्वतंत्र वास्तू आणि नेमलेले मोबेद. तिसऱ्या दर्जाचा दादगाह मात्र गरज पडली तर सामान्य गृहस्थही सांभाळू शकतो. घरी दिवा आणि संध्याकाळचा लोबान. आपल्याकडेही श्रौत आणि गृह्य ही वाटणी होती, ती उपनगरांत पुन्हा अमलात आणायला हवी. नवचंडी, शतचंडी, हजारो आहुतींचे होम देवळाच्या आवारात किंवा उघड्या पटांगणात करावेत, तिथे विटांचे मोठे कुंड बांधावे आणि रात्रभर राखणीला माणूस ठेवावा. वास्तुशांतीचा छोटा होम घरात, विटा-वाळूवर. ज्यांना मधला पर्याय हवा त्यांच्यासाठी सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव करून गच्चीचा एक कोपरा ठरवून द्यावा: खाली विटांचा थर, बाजूला वाळूच्या बादल्या, वर मांडव नाही. रेफ्यूज एरियात होम करू देऊ नये, ती जागा आगीच्या वेळी माणसांनी थांबण्यासाठी मोकळी ठेवलेली असते. त्या कोपऱ्याचा वापर जातपात, भाषा न पाहता इमारतीतल्या प्रत्येक घराला खुला असावा, आणि अट एकच असावी: ज्याने अग्नी पेटवला त्याने विस्तव पुरता निवल्याशिवाय गच्ची सोडायची नाही.